जुन्या पिकअप गाडीस जादा दिवे कसे जोडावे

आपल्याकडील भाजीपाला बहुतांशीं रात्रींच वाटेस लागतो. वाशीच्या घाऊक बाजारांत माल पहांटेच्या आंत उतरवावयाचा, तर जुन्नरकडील गाडी मध्यरात्रीं माळशेज घाटांत असते. कोल्हापूर-सांगलीकडे गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे ऊंसानें भरलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या अंधारांतून चालत असतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या मागें तांबडा दिवाही नसतो. पुढील अडथळा शंभर पावलांवरून दिसला कीं वीस पावलांवरून, ह्यावर गाडीवानाचा, बैलांचा आणि मोटार चालविणाराचा जीव अवलंबून राहतो. म्हणून जुन्या पिकअप गाडीस दोन जादा दिवे बसवावे असें शेतकऱ्यास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु दिवे विकत आणणें हें सोपें काम. त्यांस वीज कोणत्या वाटेनें द्यावयाची, हा खरा प्रश्न होय. ती वाट चुकली तर उजेड कमी पडतो, स्विच वितळतो, आणि कडब्यानें भरलेली गाडी पेट घेण्याचाही संभव असतो. प्रस्तुत लेखांत ह्या वाटेचाच विचार करावयाचा आहे. सर्व हिशेब १२ व्होल्टच्या गाडीचा धरिला आहे.

मूळचे दिवे आधीं पाहावे

जादा दिव्यांपूर्वीं गाडीचे मूळचे दिवे तपासावे. दिव्याची कांच पिवळी पडली असेल, आंतील आरसा काळवंडला असेल, तर तो दोष नव्या दिव्यांनीं झांकला जाईल, पण जाणार नाहीं. दिवे लावून बॅटरीवरील व्होल्ट मोजावे आणि नंतर बल्बच्या टोंकांवरील मोजावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक अंतर निघाल्यास सांधे गंजले आहेत किंवा तार बारीक आहे असें समजावें, व प्रथम तें काम करून घ्यावें. कित्येकदां एवढ्यानेंच जादा दिव्यांची गरज उरत नाहीं.

स्विचांतून सर्व प्रवाह कां नेऊं नये

वॉटचा आंकडा व्होल्टनें भागिला असतां प्रवाह किती अँपिअर हें कळतें. ५५ वॉटचा एक हॅलोजन दिवा सुमारें ४·६ अँपिअर घेतो. जोडीस ९·२ अँपिअर लागतात. कारागीर पुष्कळदां हा सर्व प्रवाह बारीक तारेनें बॅटरीपासून डॅशबोर्डावरील स्विचापर्यंत, व तेथून परत पुढें दिव्यांपर्यंत नेतात. ही वाट सहा मीटर लांब व तार पाऊण चौरस मिलिमीटरची धरिली, तर वाटेंतच सुमारें १·३ व्होल्ट नाहींसे होतात. लांब व अरुंद पाटानें शेवटच्या वाफ्यास जसें पाणी पोंचत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. हॅलोजन दिव्याचा स्वभाव असा कीं, दाब एक दशांश कमी झाला तर उजेड एक दशांश नव्हे, सुमारें तीन दशांश कमी होतो. म्हणजे विकत घेतलेल्या उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तारेंतच जातो, आणि त्याच्या मोबदल्यांत सुमारें १२ वॉट उष्णता तारेंत व स्विचांत सांठते. हीच वाट तीन मीटर व तार अडीच चौरस मिलिमीटरची केली, तर नुकसान अवघें ०·२ व्होल्ट होतें.

रिले व त्याचीं टोंकें

वाट आंखूड करावयाची, पण स्विच तर चालकाच्या हाताशीं पाहिजे. ही अडचण रिले दूर करितो. रिले म्हणजे विजेनें चालणारा स्विच होय. तो बॅटरीजवळ, पाणी न लागेल अशा जागीं, टोंकें खालच्या बाजूस ठेवून बसवावा. त्याच्या टोंकांवरील आंकडे जर्मन मानकावरून आलेले असून ते बहुतेक सर्वत्र सारखेच असतात.

३० – येथें बॅटरीच्या धन टोंकाकडून फ्यूजमधून आलेली जाड तार.
८७ – येथून दोन्ही दिव्यांकडे जाणारी जाड तार.
८६ – येथें डॅशबोर्डावरील स्विचाकडून आलेली बारीक तार.
८५ – येथून गाडीच्या अर्थास जाणारी बारीक तार.

कांहीं रिलेंस ८७अ असें पांचवें टोंक असतें. तें मोकळें ठेवावें. त्यास दिवे जोडल्यास ते स्विच बंद असतांना लागतील. रिलेचें वेटोळें साधारण एक सप्तमांश अँपिअर घेतें. म्हणजे चालकाच्या स्विचावर आतां नऊ अँपिअरचा नव्हे, तर एवढ्याचाच भार राहतो.

स्विचास वीज बॅटरीकडून सरळ न देतां मूळ दिव्यांच्या अप्परच्या तारेवरून द्यावी. असें केल्यानें चालकानें डिपर दिला कीं जादा दिवेही त्याच क्षणीं विझतात, व त्यांची निराळी आठवण ठेवावी लागत नाहीं. मात्र कांहीं गाड्यांत मूळ दिव्यांचा स्विच धन बाजूस नसून अर्थच्या बाजूस असतो. म्हणून चाचणीच्या दिव्यानें आधीं पाहावें. अप्पर लागतांच त्या तारेंत १२ व्होल्ट येत नसतील, तर वरील जोडणी चालणार नाहीं, व जाणत्या विद्युत्कारागिराकडूनच ती करून घ्यावी.

फ्यूज कोठें व केवढा

फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. बॅटरी व फ्यूज ह्यांच्यामधील तारेस कोणाचेंच संरक्षण नसतें. ती पत्र्यास घासून उघडी पडली, तर बॅटरी आपलें सर्व बळ तेथें ओतते. ह्यास्तव फ्यूज बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंतच बसवावा. वर सांगितलेल्या जोडीस व अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेस १५ अँपिअरचा फ्यूज योग्य आहे. तो जळाल्यास कारण शोधावें. त्याच्या जागीं तांब्याच्या तारेचा तुकडा घालणें हें गाडीस आग लावण्याची तयारी करण्यासारखें आहे.

परतीची वाट

दिव्याकडे गेलेला प्रवाह बॅटरीच्या ऋण टोंकास परत यावा लागतो. नवीन गाडींत पत्रा हें काम करितो. जुन्या गाडींत रंग व गंज हे मध्यें येतात. म्हणून दोन्ही दिव्यांची अर्थची तार तितकीच जाड घेऊन थेट बॅटरीच्या ऋण टोंकास आणावी, किंवा चासीवर जागा खरवडून, थिंबल दाबून, दांतेरी वायसर घालून बोल्टानें आंवळावी व वर ग्रीस लावावें. तार पत्र्यांतून जेथें पलीकडे जाते तेथें रबरी कडी घालावी, बाकी सर्व तार नळींतून न्यावी, आणि ती सायलेन्सरपासून व फिरत्या पट्ट्यांपासून दूर बांधावी. काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक सोडावें, व सर्व संपल्यावर शेवटीं जोडावें.

आल्टरनेटरचा हिशेब

मूळचे दिवे १२० वॉट, जादा दिवे ११०, मागील व इतर लहान दिवे सुमारें ३०, वायपर सुमारें ४०. एकूण ३०० वॉट, म्हणजे २५ अँपिअर झाले. जुन्या गाडीच्या आल्टरनेटरवर लिहिलेला आंकडा ह्याच्याशीं ताडून पाहावा, आणि तो पूर्ण वेगांतील आहे, उभ्या गाडींत त्याहून बराच कमी प्रवाह मिळतो, हें लक्षांत ठेवावें. आल्टरनेटर लहान असल्यास १८ ते २० वॉटचे एलईडी दिवे घ्यावे. त्यांस प्रवाह थोडा लागतो. परंतु फ्यूज त्यांसही पाहिजेच. ज्यांच्या कांचेंतून उजेड चोहोंकडे फांकतो असे स्वस्त पट्टीदिवे मात्र टाळावे. धुक्यांत व पावसांत तो उजेड उलटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

दिवा भरलेल्या गाडीवर रोखावा

सपाट जागीं गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेनें दाखवावी, आणि झोताची वरची कड त्या खुणेच्या तीन इंच खालीं आणावी. हा उतार शेंकडा एक होतो. परंतु रिकाम्या गाडीवर असें रोखून भागत नाहीं. माल भरल्यावर मागील कमानी सहा सेंटिमीटर दबल्या व दोन्ही चाकांमधील अंतर २६० सेंटिमीटर असलें, तर झोत शेंकडा २·३ वर उचलला जातो. उतार वजा जातां १·३ चा चढ उरतो. पन्नास मीटरांवर हा चढ ६५ सेंटिमीटर झाला. दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच असेल, तर कड १३५ सेंटिमीटरांवर, म्हणजे समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांच्या सुमारास पोंचली. तो दिपला तर आपल्या उजेडाचा उपयोग काय ? ह्याकरितां नेहमींचें ओझें भरूनच दिवे रोखावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांचाही कटाक्ष पुढील दिव्यांनीं कोणाचे डोळे दिपूं नयेत ह्यावर आहे. जादा दिवे बसविण्यापूर्वीं आपल्या परिवहन कार्यालयांत विचारणा करून घ्यावी.

हंगामापूर्वीं एकदां सर्व सांधे हातानें हालवून पाहावे, आणि दिवे पाव तास जळल्यावर फ्यूज, रिले व सांधे ह्यांस हात लावावा; जो सांधा कढत लागेल तो सैल किंवा गंजलेला आहे असें समजून पुन्हां करावा. त्याच दिवशीं आपल्या बैलगाडीच्या व ट्रॉलीच्या मागें तांबडी परावर्तक पट्टी लावावी. दुसऱ्याच्या दिव्यास आपण दिसणें, हें आपल्या दिव्यानें दुसरा दिसण्याइतकेंच अगत्याचें आहे, आणि त्यास तर तारही लागत नाहीं.