दोष अंड्याचा नाही, पाण्याचा

प्रश्न : साखरेच्या बिस्किटांवरचं घरगुती आयसिंग ओघळतं, दुसऱ्या दिवशीही चिकट राहतं. आमच्या घरात अंडं चालत नाही. काय करावं?
— एक वाचक, सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर

उत्तर : अंडं नाही म्हणून आयसिंग बिघडतं, असं नाही; बहुधा त्यात पाणी जास्त होतं. पाणी उडालं की साखरेचे कण पुन्हा एकमेकांना धरतात, तेच आयसिंगचं सुकणं. अंड्याच्या पांढऱ्या भागातली प्रथिनं थर टणक करतात, पण कच्च्या अंड्यात साल्मोनेलाचा धोकाही असतो. म्हणून १ वाटी साखर १ चमचा कॉर्नफ्लोअरसह अगदी बारीक दळा, मलमलीतून चाळा आणि दूध अर्धा-अर्धा चमचाच घाला. सुरीने ओढलेली रेघ १०-१५ सेकंदांत मिटली, तर भरायला योग्य. कडेची रेघ याहून घट्ट हवी. बुऱ्हाणपूरची दराबा ही मिठाई फेटून हलकी होते ती तुपाच्या जोरावर. दूध-साखरेत हवा फारशी टिकत नाही, तेव्हा फेटू नका, नुसतं घोटा.

कोणी म्हणेल, पावसाळ्यात हे सुकणारच कसं? वेळ लागतो, हे खरं. थर पातळ द्या, पंख्याखाली रात्रभर ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको. बाहेर काढताच गार बिस्किटावर दव धरतं आणि रंग पसरतात. तुपाची नानकटाई यासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे: तूप वर झिरपून पांढऱ्या आयसिंगवर डाग पडतात.