कार्ड कोरंच हवं

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. तेव्हा माझ्या मावसभावाने आपले बिटकॉइन स्वतःच्या ताब्यात ठेवायचं ठरवलं. निर्णय योग्यच होता. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची गुप्त किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, मात्र त्याने थोडं स्वस्त मिळतंय म्हणून एका अनोळखी विक्रेत्याकडून मागवलं. खोक्याचं वेष्टन अगदी कंपनीसारखं. आत एक कार्ड, त्यावर खरवडायची चंदेरी पट्टी आणि पट्टीखाली छापलेले चोवीस इंग्रजी शब्द. "दादा, बघ, सेटअपही करून दिलाय!" मी त्याला ते वापरू दिलं नाही.

नाणी यंत्रात नसतातच. असते ती किल्ली, आणि ती या शब्दांतूनच तयार होते. यंत्र हरवलं तरी शब्द दुसऱ्या यंत्रात भरले की सगळं परत मिळतं. म्हणूनच ज्याने ते कार्ड छापलं, त्याने पैसे जमा व्हायची वाट पाहायची आणि उचलायचे, एवढंच. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून यंत्रानेच निवडून तुमच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या स्क्रीनवर दाखवले पाहिजेत. खोक्यातलं कार्ड कोरंच हवं.

त्यामुळे खरेदी थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करा. वापरलेलं यंत्र फुकट मिळालं तरी नको. वेष्टनावर तर मुळीच विसंबू नका: २०२० मध्ये लेजर या वॉलेट कंपनीच्या ग्राहकांचे घरचे पत्ते फुटले आणि पुढच्या वर्षी काहींच्या घरी व्यवस्थित पॅक केलेली बनावट यंत्रं टपालाने आली.

मॉडेल निवडताना मी आधी स्क्रीन बघतो. पैसे पाठवताना घेणाऱ्याचा वॉलेट-पत्ता संगणकावर नव्हे, यंत्रावर ताडून पाहायचा असतो. अक्षरं वाचता येत नसतील तर माणूस कंटाळून नुसतं बटण दाबतो. किल्ली जपणारी सिक्युअर एलिमेंट चिपही असावी. ती नसलेल्या ट्रेझर वन या वॉलेटमधून, यंत्र हाती लागल्यास, किल्ली काढता येते हे क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा तज्ज्ञांनी २०२० मध्ये दाखवून दिलं. ब्लूटूथ, रंग वगैरेंसाठी मी जादा पैसे मोजणार नाही.

शब्दांचा फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. कागदावर किंवा स्टीलच्या पट्टीवर लिहा, आणि ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. सुरुवातीला अगदी किरकोळ रक्कम टाका. मग यंत्र मुद्दाम रिसेट करा आणि लिहिलेल्या शब्दांवरून पुन्हा उभं करा. ती रक्कम परत दिसली, तरच उरलेली हलवा.