पाऊस घेऊन येणारे वारे आणि महावनांची अमानत



पवित्र कुरआनातील सूरह अल्-आराफच्या 56 ते 58 या आयती सलग वाचल्या, तर त्यांच्या क्रमातही एक बोध आढळतो. पहिल्या आयतीत, पृथ्वीवर सुव्यवस्था झाल्यानंतर तिच्यात फसाद, म्हणजे बिघाड माजविण्यास अल्लाहने मनाई केली आहे. लगेच पुढच्या आयतीत, अल्लाहच्या कृपेची शुभवार्ता घेऊन येणारे वारे आहेत. ते पाण्याने जड झालेले ढग उचलतात आणि मृत भूमी फळांनी बहरते. तिसऱ्या आयतीत चांगल्या व निकस जमिनीचा दृष्टान्त आहे. या आयतींतून तौहीद, सदाचार आणि मृत्यूनंतरचे पुनरुत्थान यांविषयी फार मोठी शिकवण मिळते. आज आपण त्यांच्या प्रकाशात सृष्टीच्या व्यवस्थेकडे पाहू. उदाहरण घेऊ जगातील सर्वांत मोठ्या वर्षावनाचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्याचे.

वाळवंट अरण्याला पोसते

ॲमेझॉनचे अरण्य एवढे घनदाट, तेव्हा तेथील जमीन अत्यंत सुपीक असणार, असे आपणांस वाटते. वस्तुतः तिचा बराचसा भाग निकस आहे. सततच्या पावसाने मातीतील पोषक द्रव्ये वाहून जातात. त्यांपैकी फॉस्फरसची भरपाई कशी होते, हे पाहिले की मन थक्क होते. आफ्रिकेतील चाड देशात बोदेले नावाचा कोरडा सखल प्रदेश आहे. एके काळी तेथे विशाल सरोवर होते. त्याच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांची धूळ वारा उचलतो आणि अटलांटिक महासागर ओलांडून ॲमेझॉनवर आणून टाकतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहाधारित संशोधनानुसार या धुळीतून दरवर्षी सुमारे 22,000 टन फॉस्फरस त्या अरण्याला मिळते. पावसाने वाहून जाते तेही जवळपास तितकेच! ज्या वाळवंटाला आपण निरुपयोगी समजतो, तेच अरण्याला अन्न पुरविते. सूरह अर्-रहमानमध्ये ज्या मीजानचा, म्हणजे संतुलनाचा उल्लेख आहे, त्याची ही एक निशाणी नव्हे काय?

आकाशातून वाहणारे पाणी

आता पावसाकडे वळू. महासागरावरून आलेले बाष्प अरण्यावर बरसते. झाडे ते पाणी मुळांनी शोषून पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात. एकेक मोठे झाड दिवसाला शेकडो लिटर. त्यातून पुन्हा ढग बनतात व पुढे बरसतात. ॲमेझॉनच्या पावसाचा मोठा वाटा अरण्य स्वतःच अशा रीतीने पुन्हा पुन्हा घडविते, हे ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी 1970 च्या दशकात पावसाच्या पाण्याचे पृथक्करण करून दाखविले. पुढे अँडीज पर्वत वाटेत आला की हे बाष्प दक्षिणेकडे वळते आणि दूरवरच्या शेतांना पाऊस देते. शास्त्रज्ञ या प्रवाहांना ‘उडत्या नद्या’ म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ॲमेझॉनला ‘जगाची फुप्फुसे’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तेथे निर्माण होणारा जवळजवळ सर्व प्राणवायू त्याच अरण्यातील जीवसृष्टी वापरून टाकते. अरण्याचे खरे महत्त्व ते पाऊस घडविते, प्रचंड प्रमाणात कर्ब साठवून हवामान सावरते आणि असंख्य जीवांना आसरा देते, यात आहे. बातमीची शहानिशा करण्याची शिकवण (सूरह अल्-हुजुरात : 6) लाभलेल्या समुदायाने चांगल्या कार्यासाठीही अचूकच बोलावे.

फसाद आणि परतण्याची वाट

या अरण्याचा सुमारे सहावा हिस्सा आज नष्ट झाला आहे, आणि तो मुख्यत्वे गुरांच्या कुरणांसाठी. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मानाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदीची पातळी 1902 पासूनच्या नोंदींत सर्वांत खाली गेली. पुढच्याच वर्षी तो नीचांकही मोडला. एल निनो आणि तापते हवामान ही दुष्काळाची कारणे आहेतच. त्यात अरण्यतोड भर घालते. सूरह अल्-बकराच्या 205 व्या आयतीत शेती व जीव यांचा विध्वंस करणाऱ्याच्या कृत्याला फसादच म्हटले आहे.

तथापि सूरह अर्-रूमच्या 41 व्या आयतीनुसार, माणसांना त्यांच्या करणीची फळे चाखविली जातात ती त्यांनी परतावे म्हणून. परतणे शक्य आहे, याची साक्षही ॲमेझॉनच देते. ब्राझीलमध्ये 2004 साली एका वर्षात 27,000 चौरस किलोमीटरहून अधिक अरण्य तोडले गेले. उपग्रहाची नजर, कायद्याची अंमलबजावणी आणि संरक्षित क्षेत्रे यांमुळे 2012 मध्ये हे प्रमाण 5,000 च्याही खाली आले. ढिलाई होताच 2021 मध्ये ते 13,000 वर गेले आणि नंतर पुन्हा घटू लागले. तौबा एकदाच करून भागत नाही. तिच्यावर टिकून राहावे लागते.

आपली जबाबदारी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले की मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणूस, पक्षी वा जनावर खाईल, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो. कयामत येऊन ठेपली आणि हाती रोप असले, तरी शक्य असल्यास ते लावावे, अशीही शिकवण आहे. मदीनेच्या हरम क्षेत्रातील झाडे तोडण्यास त्यांनी मनाई केली. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी तर युद्धावर निघालेल्या सेनेलाही फळझाडे तोडू नका, असे बजावले.

मात्र एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्या. सूरह अल्-आराफमधील मनाई आहे ती सुव्यवस्था झाल्यानंतर बिघाड करण्याची. शतकानुशतके उभ्या असलेल्या अरण्याची भरपाई दहा रोपांनी होत नाही. म्हणून आधी जे आहे ते राखणे, मग नवे लावणे. घर वाढविताना किंवा मशिदीचे आवार प्रशस्त करताना जुने झाड आड आले, तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी स्वतःला विचारा : दुसरा मार्ग खरोखरच नाही काय? वुजू करताना नळ सोडून ठेवण्यापूर्वी आठवा की प्रेषितांना (स.) वुजूसाठी एक मुद्द, म्हणजे ओंजळभर पाणी पुरे होत असे. आणि मुलांना सांगा की आपण या पृथ्वीचे मालक नसून अमानतदार आहोत. अमानतीचा हिशेब द्यावाच लागतो.

अल्लाह आपणां सर्वांना त्याच्या निशाण्या ओळखण्याची आणि ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.