विनामूल्य आनंदाची राखण

परिमित प्राप्तीच्या गृहस्थाला आपल्या अपत्याच्या बालपणासाठी मोठा द्रव्यव्यय करता येत नाही आणि तसा तो करण्याची आवश्यकताही नसते, हे माझे मत मुलीच्या संगोपनाच्या वर्षांत उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे. कारण तीन-चार वर्षांच्या मुलाला पाणी, वाळू, उघडझाप करणारे एखादे झाकण, चढण्याजोगी पायरी आणि आपल्याकडे पाहत असलेले एक परिचित माणूस यांपलीकडे फारसे काही हवे नसते, आणि या गोष्टी कोणत्याही बाजारात विकत घ्याव्या लागत नाहीत. परंतु त्याच वर्षांनी दुसरीही एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे शिकविली आहे, आणि जे माझ्याप्रमाणे हिशेबाने संसार करतात त्यांच्यापर्यंत ती पोहोचावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. जेथे भरपूर शुल्क आकारले जाते तेथे त्या शुल्कात कठडे, रखवालदार आणि मऊ जमीन यांची तरतूद झालेली असते. जेथे काहीच द्यावे लागत नाही तेथे हा सारा बंदोबस्त पालकाच्या शिरावर येतो. वाचविलेल्या पैशाची भरपाई लक्षाने करावी लागते, आणि ही भरपाई जेथे अपुरी पडते तेथे संकट दबा धरून बसलेले असते.

प्रथम घरातील खेळांचा विचार करू. स्वयंपाकघराइतकी समृद्ध क्रीडाशाळा दुसरी नाही. परातीत चार बोटे पाणी, एक गाळणी, दोन वाट्या आणि एक पळी एवढ्या सामग्रीवर आमच्या मुलीच्या कित्येक दुपारी आनंदात गेल्या. डाळीचे दाणे या वाटीतून त्या वाटीत ओतताना कमी काय, जास्त काय, सांडले म्हणजे काय होते आणि सांडलेले भरून ठेवणे म्हणजे काय, याचे शिक्षण तिला कोणी शब्दाने न देताच मिळाले. पण याच खेळात तिने एकदा वालाचा दाणा नाकपुडीत सारला आणि, मुलांच्या स्वभावाप्रमाणे, कोणालाही सांगितले नाही. पुढे तिच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले आणि ओलाव्याने फुगलेला तो दाणा बाहेर निघाला. या प्रसंगातून घ्यावयाचा बोध असा की, लहान मुलाचे नाक एकाच बाजूने वाहत असेल आणि त्याला वास येत असेल, तर ते सर्दी म्हणून सोडून देऊ नये; आत काही दिसले तरी चिमटा घालू नये, तेल सोडू नये, बोटाने कोरू नये; सरळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. नाकातील दाण्यापेक्षा श्वासनलिकेत गेलेला दाणा अधिक भयंकर असतो, म्हणून अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि हरभरे पाच वर्षांखालील मुलाच्या हाती न देणे हा आमच्या घरचा शिरस्ता झाला. शेंगदाणा द्यावयाचाच तर कूट करून लाडवात द्यावा. वाटीतून वाटीत ओतण्याचा खेळ बंद करण्याचे मात्र कारण नाही. डाळीऐवजी पाणी द्यावे, किंवा डाळीने खेळताना स्वतः शेजारी बसावे.

पाण्याच्या बाबतीतही हीच ताकीद द्यावीशी वाटते. न्हाणीघरातील अर्ध्या भरलेल्या बादलीत वाकून पाहणाऱ्या मुलाचा तोल डोक्याच्या भाराने पुढे जातो आणि त्याला आपण होऊन बाहेर येता येत नाही. म्हणून खेळ संपताच परात आणि बादली दोन्ही रिकाम्या करून पालथ्या घालाव्यात. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला स्वस्त मिळणाऱ्या, दिवे लुकलुकणाऱ्या खेळण्यांविषयी विशेष सावध राहावे, कारण त्यांच्या पोटात गुंडीएवढे चपटे सेल असतात आणि असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. असा संशय आला तरी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे झाले आहे. ते चिन्ह नसलेले खेळणे दहा रुपयांना मिळत असले तरी ते महागच समजावे. त्यापेक्षा घरातली पळी पुष्कळ बरी.

घराबाहेर पडावयाचे झाले म्हणजे आम्हा दादरकरांना सर्वांत सोईची जागा राणीची बाग. १८६२ साली लोकांसाठी खुले झालेले हे उद्यान आज वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखले जाते, ते बुधवारी बंद असते, आणि तेथे थोडक्या शुल्कात एक संपूर्ण सकाळ काढता येते. बहुतेक मंडळी पिंजऱ्यांच्या आणि पेंग्विनच्या ओढीने धावतात. पण लहान मुलाचे मन तेथील जुन्या वृक्षांच्या खाली पडलेल्या शेंगांत, मुळांच्या वाटोळ्या वळणांत आणि मुंग्यांच्या रांगांत अधिक रमते, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयासमोर घारापुरीहून आणलेला पाषाणाचा हत्ती उभा आहे. १८६४ साली तो विलायतेला नेण्याचा प्रयत्न चालू असता खाली पडून भंगला आणि १९१४ साली त्याचे तुकडे सांधून त्याला पुन्हा उभे करण्यात आले. ही कथा आमच्या मुलीला इतकी प्रिय झाली की, बागेत पाऊल टाकताच प्रथम त्या हत्तीचे सांधे कोठे कोठे आहेत ते पाहावयाचे, असा तिचा दंडक होऊन बसला.

या दंडकाचे मोल आम्हाला एका सुट्टीच्या दिवशी कळले. गर्दीचा एक मोठा लोंढा आला, माझ्या हातातील तिचा हात सुटला, आणि चहूकडे नजर फिरवूनही ती दिसेना. त्या काही मिनिटांत मनाची जी अवस्था झाली तिचे वर्णन करण्याची शक्ती माझ्यात नाही. ती सापडली ती त्या हत्तीपाशी. रडत होती, पण जागेवर उभी होती, कारण त्या अफाट गर्दीत तिच्या ओळखीचे असे तेवढेच एक ठिकाण होते. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला सांगत आलो आहे की, दर रविवारी नवे स्थळ शोधण्याच्या मागे लागू नये. एकाच जागी वारंवार जावे. त्यात खर्च कमी आहे हे खरेच, परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, परिचयाने मुलाला त्या जागेचा नकाशा पाठ होतो, आणि परिचित भूमीत मूल हरवले तरी त्याला कोठेतरी थांबता येते. प्रवेशद्वारातून आत शिरताच, चुकामूक झाली तर अमुक जागी उभे राहायचे, हे त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. ते कोणाची मदत मागणार असेल तर ती लेकुरवाळ्या बाईकडे मागावी, असे शिकवावे. आपला मोबाइल क्रमांक त्याच्या दंडावर शाईने लिहावा किंवा कपड्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी टाचावी. आणि निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या कपड्यांतील त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण भेदरलेल्या आई-बापांना फ्रॉकचा रंगही आठवत नाही. पोलिसांचा ११२ आणि बालकांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हे दोन्ही क्रमांक पालकाला मुखोद्गत असावेत.

उद्यानांतील घसरगुंडीविषयी एक सूचना येथेच करून ठेवतो. फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत दहा वाजल्यानंतर लोखंडी घसरगुंडीचा पत्रा असा तापतो की, मुलाच्या मांडीची कातडी भाजून निघते. तेव्हा मूल वर चढण्यापूर्वी आपल्या हाताची मागील बाजू त्या पत्र्यावर टेकवून पाहावी. एकंदरीतच सहलीची वेळ मुलाच्या झोपेवरून ठरवावी, आपल्या रजेवरून नव्हे. सकाळी लवकर निघावे, दुपारच्या जेवणाच्या आत घरी परतावे, आणि मूल खेळात रंगलेले असतानाच परतीची तयारी सुरू करावी. ते थकून रडू लागेपर्यंत थांबले तर रस्त्यात रिक्षा, शीतपेये आणि फुगे यांवर जो खर्च होतो त्याने काटकसरीचा सारा हिशेब उलटतो. पाच वर्षांखालील मुलाला लोकलमध्ये आणि एसटीत तिकीट लागत नाही, आणि पुढे बारा वर्षांपर्यंत अर्धे लागते. म्हणून दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये खिडकीशी बसून चार स्थानके जाऊन येणे हीदेखील मुलाच्या दृष्टीने एक संपूर्ण सहलच असते. दाराशी मात्र क्षणभरही उभे राहू नये.

आता समुद्राविषयी, कारण मुंबई आणि कोकण येथील पालकाला याहून थोर आणि याहून विनामूल्य असे दुसरे क्रीडांगण नाही, आणि रखवालदारावाचून उघडे पडलेलेही दुसरे नाही. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी मांडलेली गोळ्यांची नक्षी दिसते, खडकांतील डबक्यांत शंख पाठीवर घेऊन चालणारे जीव सापडतात, कालवे खडकाला चिकटून बसलेली असतात. मुलाने पाहावे, मोजावे आणि जिवंत प्राणी जेथल्या तेथे ठेवावेत. पण हे सारे पाहण्याची वेळ समुद्र ठरवितो. आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आला आहे: तिथीच्या अंकाला तिनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीचा सुमार कळतो. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. आणि भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. यावरून कोणाच्याही ध्यानात येईल की, मुलाला सकाळच्या उन्हात वाळूवर न्यावयाचे तर कोणत्याही पक्षातील तृतीया, चतुर्थी आणि पंचमी या तिथी उत्तम, कारण त्या दिवशी साडेआठ ते दहाच्या दरम्यान पाणी सर्वांत दूर गेलेले असते. हा हिशेब अंदाजाचा आहे, वर्तमानपत्रातील भरतीच्या वेळा पाहून तो पडताळून घ्यावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, पाणी दूर जाते आणि तितक्याच वेगाने परतते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस असतात, तेव्हा पाणी पुरेसे ओसरतच नाही.

अलिबागचा कुलाबा किल्ला हे या शास्त्राचे प्रत्यक्ष विद्यालय आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच आणि पुढे एसटी असा स्वस्त प्रवास करून आम्ही तेथे गेलो होतो. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात उभारणीस आरंभ झालेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झालेला हा किल्ला भरतीत बेट बनतो आणि ओहोटीत पायी गाठता येतो. आतील सिद्धिविनायकाचे दर्शन झाले, चाकांच्या तोफा पाहून झाल्या, गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी बसून दशम्या खाल्ल्या, आणि घड्याळाप्रमाणे वेळेवरच आम्ही परतीची वाट धरली. पण मोठ्या माणसाची वीस मिनिटांची वाट ही शिंपल्याशिंपल्यापाशी बसणाऱ्या मुलाची वीस मिनिटांची वाट नसते. समोरची वाळू कोरडी दिसत होती, समुद्र अजून लांब वाटत होता, इतक्यात कालवे काढून परतणारी एक कोळीण मोठ्याने म्हणाली, "भाऊ, पोरीला उचला नि चला, पाणी मागनं भरतंय." आणि खरोखरच किनाऱ्यालगतचा सखल पट्टा आमच्या आधीच भरू लागला होता. मुलीला खांद्यावर घेऊन, मांडीपर्यंत आलेल्या पाण्यातून, पत्नीचा हात धरून मी किनारा गाठला. त्या बाईंचे ऋण माझ्या कुटुंबावर कायमचे आहे. भरतीचे पाणी समोरून चाल करून येईल या समजुतीवर कोणी विसंबू नये. ते सखल जागा शोधत प्रथम पाठीमागे शिरते. म्हणून किल्ल्यावर जावयाचे तर ओहोटीचा तळ लागण्यापूर्वी तास-दीड तास निघावे, पाणी वळण्यापूर्वी परत फिरावे, वेळ मुलाच्या पावलांनी मोजावी, घोडागाडीवाले निघू लागले की त्यांच्याबरोबर निघावे, आणि पावसाळ्यात हा बेतच करू नये. पावसाळ्यात जुहूसारख्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यांसारखे दिसणारे दंश करणारे जीवही वाहून येतात; मुलाला ते खेळणे वाटते, तेव्हा त्या दिवसांत अनवाणी सोडू नये.

हे वाचून कोणी मुलाला घरात कोंडून ठेवील तर माझ्या लेखनाचा हेतू विफल झाला असे मी समजेन. वर सांगितलेली प्रत्येक जोखीम अशी आहे की, ती टाळण्यास पैसा लागत नाही. आधी घेतलेली माहिती, स्थानिक माणसाला विचारलेला एक प्रश्न आणि मुलावरून न हटणारी नजर एवढे पुरते. सुरक्षित बालपण ही श्रीमंतांची मिरास आहे असे अलीकडे अनेक आई-बापांना वाटू लागले आहे, आणि महागड्या क्रीडागृहात मुलाला नेता येत नाही म्हणून ते मनातल्या मनात कष्टी होतात; त्यांना मला आग्रहाने सांगावयाचे आहे की, खिशात थोडे असल्याची खंत त्यांनी करू नये. पंचांग पाहावे, येती तृतीया हेरावी, पाणी आणि दशम्या बांधून घ्याव्यात. मोबाइल मात्र निकडीच्या प्रसंगापुरता पिशवीच्या तळाशी जावा आणि डोळे मुलावर राहावेत. ही एक अट कोणत्याही सवलतीने माफ होत नाही.