रुपया आणि रुपें

पैसा म्हणजे काय असें विचारिलें असतां पुष्कळ शेतकरी बंधु "सोनें-चांदी" असेंच उत्तर देतील. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि तिच्यामुळें आपल्या पूर्वजांस केवढा तोटा सोसावा लागला, हें आपल्याच देशाच्या इतिहासावरून दाखविण्याचें योजिलें आहे.

ज्वारी मोजण्यास जशी पायली, तसा किंमत मोजण्यास रुपया. सोनें-चांदी हीं न कुजणारीं, सहज विभागतां येणारीं व थोड्या वजनांत पुष्कळ मोलाचीं असल्यामुळें हें माप बहुतेक देशांत त्यांचेंच झालें. १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांत जो एकच रुपया ठरला, त्याचें वजन १८० ग्रेन व त्यांतील शुद्ध चांदी १६५ ग्रेन होती. टांकसाळ सर्वांस खुली असे. अल्प खर्च देऊन सराफास चांदीचे रुपये पाडून घेतां येत. म्हणून शेतकऱ्याच्या घरचे तोडे व वाळे मोडीस गेले, तरी त्यांचा भाव रुपयाच्या फारसा खालीं उतरत नसे.

पुढें १८७१ नंतर जर्मनीनें सोन्याचें नाणें स्वीकारिलें, इतर देशांनींहि तोच मार्ग धरिला, आणि अमेरिकेच्या खाणींतून चांदी विपुल निघाली. चांदी उतरली व तिच्याबरोबर रुपयाहि उतरला. विलायतेस द्यावयाच्या रकमा सोन्याच्या नाण्यांत असल्यामुळें सरकार अडचणींत आलें व १८९३ च्या जूनमध्यें त्यानें टांकसाळी खासगी चांदीस बंद केल्या. नवे रुपये मोजके निघूं लागल्यानें रुपया सांवरून एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर झाला. चांदी मात्र घसरतच राहिली. १८९९ च्या सुमारास लंडनच्या भावानें रुपयांतील चांदी अवघी दहा आण्यांची होती.

याच काळांत १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ पडले. सारा व सावकाराचें देणें रुपयांत. घरांतील सांठा चांदींत. संकटासाठीं राखलेला दागिना संकटाच्याच वेळीं कमी पडला.

पुढें उलटहि घडलें. पहिल्या महायुद्धांत चांदी इतकी महागली कीं, रुपये वितळविणें फायद्याचें होऊं लागलें. म्हणून १९१७ सालीं तें मना करून एक रुपयाची नोट काढावी लागली. १९४० सालीं रुपयांत निम्मीच चांदी राहिली; १९४७ सालीं तो निकेलचा झाला. तरीहि कचेरींत सारा भरतांना रुपया तो रुपयाच! अर्थात् त्याचें बळ धातूंत नसून, देण्याच्या फेडींत तो सर्वत्र घेतला जातो यांत, व तो बेतानें काढला जातो यांत आहे. बेत सुटला कीं काय होतें, तें दुसऱ्या महायुद्धानें दाखविलें: नोटा पांच पटींहून अधिक झाल्या व धान्याचे भाव कडाडले.

सारांश, सोनें-चांदी हा कापसासारखाच भाव चढणारा व उतरणारा माल आहे, आणि रुपया हें देणें फेडण्याचें साधन आहे. म्हणून वर्षभरांत निश्चित द्यावयाची रक्कम, म्हणजे सारा, बियाणें व सोसायटीचा हप्ता, ही रुपयांतच राखावी. त्यापलीकडील शिल्लक एकाच ठिकाणीं न गुंतवितां कांहीं धातूंत व कांहीं विहीर-बांधबंदिस्तींत घालावी. कर्ज काढून दागिना मात्र कधींहि करूं नये. कारण दागिन्याचा भाव आपल्या हातीं नसतो, परंतु कर्जाचा आंकडा कागदावर ठरलेला असतो.