निर्व्यसनी माणसाची सुपारी

आपल्या समाजात ज्या मनुष्यास निर्व्यसनी म्हणून गौरविले जाते, त्याच्या खिशात पुष्कळदा सुपारीची डबी असते, आणि त्या डबीमुळे त्याच्या निर्व्यसनीपणास बाध येतो असे कोणासही वाटत नाही. विडी, तंबाखू, मद्य यांची गणना व्यसनांत होते. सुपारीची गणना पूजासाहित्यात. तांदळाच्या राशीवर सुपारी मांडून तिलाच गजानन मानावे, लग्न ठरले की सुपारी फोडावी, पत्नी हयात नसेल तर यजमानाने कमरेला सुपारी खोचून धर्मकार्यास बसावे, आल्यागेल्यापुढे पानसुपारीचे तबक करावे, असा जिचा मान, ती वस्तू गालात धरल्याने अपाय होईल ही शंका मनाला शिवणार तरी कशी? तंबाखू नाही म्हणजे धोका नाही, या एका समजुतीवर आमच्या दोन पिढ्या सुपारी खात आल्या. ती समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा पुरावा माझ्याच तोंडात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घराणे श्रीवर्धनचे, पोफळीच्या बागायतीवर पोसलेले. वरून नारळाची सावली, मधून पोफळींचे सरळ उभे खांब, त्यांवर चढविलेल्या मिरवेली आणि बुंध्याशी झुळझुळणारे पाटाचे पाणी, अशा बागेत ज्याचे बालपण गेले त्याला सुपारीविषयी परकेपणा वाटणे शक्य नाही. नारिंगी फळे उतरली की अंगणभर पसरून, उन्हात खडखडीत वाळेपर्यंत रोज परतावयाची आणि मग सोलावयाची. त्या सोललेल्या सुपारीवर मुलांच्या शाळांच्या फिया भरल्या जात, मुलींची लग्ने होत. श्रीवर्धनच्या रोठ्याची कीर्ती मोठी. अडकित्त्याखाली तो कातरला की आतला पांढरा गाभा पाहून गिऱ्हाईक भाव विचारी. आजोबांच्या कमरेला चंची असे, आजीच्या उशाशी पानाचा डबा असे. आम्हा मुलांच्या हातावर कधी एखादे खांड पडले, तर क्वचित ते लागत असे, म्हणजे अंगाला दरदरून घाम सुटे, छाती दाटून येई, कानशिले तापत. मग आजी पाणी पाजून ओटीवर वाऱ्याला बसवी, आणि थोड्या वेळाने सारे निवळले की तो विषय तेथेच मिटे. सुपारी शरीरावर काहीएक अंमल करते हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. तो अंमल वर्षानुवर्षे चालू राहिला तर काय होते हे मात्र कोणी विचारले नव्हते.

पुढे मी जिल्ह्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. वडिलांची तंबाखूला सक्त मनाई होती आणि ती मी पाळली. परंतु फेरफारांच्या नोंदी, जमाबंदीचे तक्ते आणि मार्चअखेरची दप्तरे यांच्या संगतीत डोळा लागू नये म्हणून भाजक्या सुपारीचे खांड गालात ठेवण्याचा परिपाठ पडला; पुढे बाजारात सुगंधी सुपारीच्या पुड्या आल्या तेव्हा अडकित्त्याचीही गरज उरली नाही. एक खांड विरघळले की दुसरे, अशी ती सकाळपासून निजेपर्यंत तोंडात असे. सुपारीत अरेकोलिन नावाचे जे द्रव्य आहे ते मज्जासंस्थेस हुशारी आणते, अंगात ऊब आणते, लाळ वाढविते. पेंग जाऊन लेखणी चालू लागते ती त्यामुळेच, आणि सवय जडते तीही त्यामुळेच.

आजाराची पहिली खूण तोंड न उघडणे ही नव्हे, आणि हे मी विशेष आग्रहाने सांगतो. पहिली खूण म्हणजे जळजळ. घरातील इतर माणसे जी आमटी मिटक्या मारीत खातात, तीच आपल्या गालांना आणि टाळूला विस्तवासारखी लागू लागते. मी ते पित्त समजलो; एका वैद्यकीय व्यावसायिकाने उष्णता समजून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, आणि सुपारीविषयी त्यांनी विचारले नाही की मी सांगितले नाही. त्यानंतर गालांची आतली त्वचा फिकट, संगमरवरासारखी दिसू लागली, बोटाने चाचपता आत ताठ दोऱ्या लागू लागल्या, जीभ पूर्वीइतकी बाहेर येईना. हे सर्व इतक्या सावकाश घडले, की गणेशचतुर्थीला मोदक अखंड तोंडात जाईना तेव्हाही मी तो निमूटपणे मोडून खाल्ला. अखेर दाढ काढण्यासाठी मुंबईच्या दंत रुग्णालयात गेलो, तर आरसा आत सरकेना. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी हातातले हत्यार खाली ठेवले आणि विचारले, “काका, तंबाखू खाता?” मी अभिमानाने नाही म्हणालो. “आणि सुपारी?” या दुसऱ्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर त्यांना आधीच ठाऊक होते.

या रोगास दंतवैद्य सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो आढळल्याचे वर्णन १९५२ साली झाले आणि पुढच्याच वर्षी भारतातील रुग्णांविषयी जोशी यांनी लिहिले. म्हणजे ही काही कालची बातमी नव्हे. घडते ते असे: अरेकोलिनाच्या चेतावणीने गालातील पेशी तंतू वाजवीपेक्षा अधिक विणू लागतात, सुपारीतील तुरट द्रव्ये ते तंतू झिजू देत नाहीत, आणि सुपारीत विपुल असणारे तांबे त्यांना परस्परांशी घट्ट जखडून टाकते. जुने मोडून नवे घडविण्याचा शरीराचा नित्यक्रम तेथे थांबतो आणि मऊ गालाचे चऱ्हाट होते. सुपारी सोडली की रोगाची वाढ बहुधा मंदावते, परंतु एकदा आखडलेला गाल आपोआप पूर्ववत होत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा त्यांतील शेकडा ७.६ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखू घातलेला विडा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्येच दिला होता. २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिने तंबाखूविरहित विडा आणि निव्वळ सुपारी या दोहोंचीही नोंद त्याच निःसंदिग्ध वर्गात केली. तैवानात विड्यात तंबाखू घालण्याची चाल नाही, तरी तेथे मुखकर्करोग मोठ्या प्रमाणात आढळतो. ‘मी फक्त सुपारी खातो’ असे सांगणाऱ्या प्रत्येक सद्गृहस्थाने एवढा एक दाखला मनाशी ठेवावा.

माझ्या गालाचा तुकडा तपासणीस गेला आणि त्यात कर्करोग निघाला नाही. गालात टोचून घ्यावयाची इंजेक्शने झाली, दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकावर एक सरकवून जबडा ताणण्याचा व्यायाम आजही चालू आहे, आणि त्याने तोंड थोडे अधिक उघडते. मऊ भात, सौम्य वरण, कुस्करलेली भाकरी हे माझे जेवण. चातुर्मासात पोथी वाचण्याचा घरचा नेम होता, तो मी मुलाकडे सोपविला, कारण उच्चार स्पष्ट होत नाहीत.

आता वाचकांस दोन गोष्टी सांगतो. आरशापुढे उभे राहून आपल्याच हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका एकत्र जुळवून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये उभी घालून पाहावी. तिन्ही सहज मावली पाहिजेत. न मावल्यास, अथवा तिखट सोसेनासे झाले असल्यास, घरगुती मलमे लावीत बसू नये. दंतवैद्याकडे जावे आणि न विचारताही सुपारीचा इतिहास सांगावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत; तेथे हा आजार रोज पाहिला जातो. सुपारी सोडताना आरंभी डोके जड होते, पेंग येते, चिडचीड होते, कामात लक्ष लागत नाही. हे सवयीच्या द्रव्याचा पुरवठा तुटल्याचे लक्षण आहे, आजाराचे नव्हे, आणि ते ओसरते. त्या अवधीत गालात काहीतरी हवेच असेल तर बडीशेप, वेलची, लवंग, ज्येष्ठमध आहेत. विड्याच्या पानाशी माझे भांडण नाही. सुपारी आणि तंबाखू वगळून पानात गुलकंद, खोबरे घालून पाहुण्यास दिले तर आदरातिथ्यात काडीचेही उणे पडत नाही. चुना मात्र बेताने, कारण तोही तोंडाची नाजूक त्वचा भाजतो.

विदर्भातील बंधूंना एक निराळी विनंती आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदावर घोटून जो खर्रा तिकडे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीत पोरेसोरे खातात, त्यात दोन्ही विषे एकत्र येतात. महाराष्ट्र सरकारने २०१२ च्या जुलैत गुटखा आणि पानमसाला यांवर बंदीचा हुकूम काढला आणि तो पुढे वेळोवेळी वाढविला. परंतु हुकूम निघाल्याने पानटपरीवरील हात थांबत नाही, हे कचेरीत जन्म घालविलेल्या माणसाने वेगळे सांगावयास नको.

बागायतदारांचे काय, असा प्रश्न माझेच भाऊबंद मला विचारतात, आणि तो रास्त आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या किनाऱ्यावरील पोफळी आडव्या झाल्या तेव्हा तो प्रश्न आणखी तीव्र झाला. वाढीस वर्षे घेणारे झाड नव्याने लावावयाचे, तर ते पोफळीचेच का असावे? नारळ, मिरी, जायफळ, दालचिनी ही आमच्याच मातीत, त्याच पाटाच्या पाण्यावर होणारी पिके आहेत. तैवानच्या सरकारने पोफळी तोडून दुसरे पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांस अर्थसाह्य दिले. आपल्या सरकारनेही किनारपट्टीच्या बागायतदारास त्याच स्वरूपाची मदत द्यावी, अशी माझी मागणी आहे, आणि ती मी पोफळीच्या पैशावर शिकलेला मनुष्य म्हणून करीत आहे.

पूजेची सुपारी चौरंगावर असू द्या. पण घरातल्या मुलाच्या दप्तरात सुगंधी सुपारीची पुडी सापडली, तर ‘तंबाखू तर नाही ना’ असे म्हणून ती परत ठेवू नका.