वैशाखातली विहीर

आमच्याकडची मुलं पोहायला विहिरीतच शिकतात, पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून. त्यांना शिकवणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून हे लिहितो आहे.

श्रावणात आमच्या विहिरीचं पाणी काठापासून तीन मीटरवर असतं. वैशाखात ते बारा मीटरपर्यंत खाली जातं. काठ तोच असल्यामुळे मुलांना उडीही तीच वाटते. पण तीन मीटरवरून पडणारा ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने पाण्याला भिडतो आणि बारा मीटरवरून ५५. वेग दुप्पट झाला की मार चौपट बसतो. शिवाय खाली श्रावणातल्या खोल पाण्याच्या जागी कमरेएवढंच उरलेलं असतं.

माझ्या पुतण्याने अशाच एका उन्हाळ्यात काठावरून मुटका मारला. हवेत अंग फिरलं आणि तो कुशीवर आपटला. वर आला तेव्हा त्याला श्वास घेता येईना, डाव्या कानातून रक्त येत होतं. पडदा फाटला होता. त्या वर्षी पाणी बऱ्यापैकी होतं, म्हणून मानेवर बेतलं नाही.

मुलं म्हणतात, आधी दगड टाकून पाण्याचा ताण फोडला की लागत नाही. हे साफ खोटं आहे. पृष्ठताणाचा जोर इथे नगण्य. लागतं ते पाण्याच्या वजनामुळे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन; हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. ते दबून आक्रसत नाही, त्याला बाजूलाच सरावं लागतं. आडव्या पडलेल्या अंगाला कितीतरी पाणी एका क्षणात हलवावं लागतं, जुळवलेल्या पावलांना थोडंच. जागतिक स्पर्धेत २७ मीटरवरून उडी घेणारे पट्टीचे खेळाडूही पायांवरच पाण्यात शिरतात, आणि खाली बचावाचे पाणबुडे सज्ज असतात.

तेव्हा उन्हाळ्यात काठावरून उडी नकोच. पायऱ्यांनी खाली जा, एकाने आधी उतरून तळ चाचपा, मग पाण्यालगतच्या पायरीवरून पाय जुळवून उतरा. सूर तर मुळीच मारू नका.

कुणाची मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला ओढून वर काढू नका. चेहरा पाण्याबाहेर ठेवून उताणं तरंगत धरा, डोकं आणि धड एका रेषेत, फळी येईपर्यंत. श्वास थांबला असेल तर मात्र फळीची वाट न पाहता बाहेर काढून तोंडाने श्वास द्या. आणि कानातून रक्त आलं तर घरचं कोमट तेल घालू नका. कान कोरडा ठेवून थेट डॉक्टरांकडे न्या.